अर्जच घेतला नाही, तर मुदत कुठून मोजायची?

सरकारी दाखले काढायच्या सेतू केंद्रात दोन दिवस साईट अडकली की कोल्हापुरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, हे ऑनलाइनचं खूळ बंद करा, तलाठ्याकडं हेलपाटे घालायला लागायचे पण निदान समोर माणूस तरी असायचा. दुसरी म्हणते, लोकांनाच वापरता येत नाही, कागद अर्धवट आणतात, मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसतो आणि शिव्या सरकारला घालतात. कट्ट्यावर, ग्रुपवर, शिकल्यासवरल्या लोकांच्या बैठकीत, सगळीकडं वाद याच दोन टोकांत फिरतोय आणि कितीतरी वर्षं तसाच फिरतोय. मला वाटतं दोन्ही पार्ट्या नको त्या प्रश्नावर भांडतायत. कॉम्प्युटर हवा की नको हे कधीच ठरून गेलंय, तो हवाच आहे. प्रश्न उरलाय तो वेगळाच: सरकारने घेतलेली सिस्टिम चालली नाही तर त्याची नोंद कुठं होते, आणि जाब कुणी द्यायचा? माझं म्हणणं असं की ही नोंद आज कुठंच होत नाही, म्हणूनच जाब द्यायला कुणी पुढं येत नाही, आणि सिस्टिमचं अपयश गुपचूप अर्जदाराच्या नावावर टाकलं जातं. हे थांबवायचं असेल तर नोंद करणं सरकारला बंधनकारक केलं पाहिजे, बाकीच्या गोष्टी त्याच्यानंतर.

आता हे जरा नीट उलगडून सांगतो, कारण यात कायद्याची एक फट आहे आणि तिच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्क कायदा आला. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. उत्पन्नाचा दाखला असो, रहिवासी असो, प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली, मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि अधिकाऱ्याची चूक ठरली तर 500 ते 5000 रुपये दंड. कार्यालयाबाहेर बोर्डही लागलेले असतात, कुठला दाखला किती दिवसांत ते लिहिलेलं असतं. पण ही मुदत मोजायची कुठून? तर परिपूर्ण अर्ज कार्यालयाला मिळाल्यापासून. आणि अर्ज मिळतो कुठून? पोर्टलवरून. म्हणजे ओटीपी आला नाही, डॉक्युमेंट अपलोड होता होता पान लटकलं, पैसे कट झाले आणि पावती निघालीच नाही, तर कायद्याच्या हिशोबात तुम्ही अर्जच केलेला नाही. मुदत सुरूच झाली नाही, मग ती संपणार कधी आणि अपील कशावर करणार? कार्यालयाच्या अहवालात आलेले सगळे अर्ज मुदतीत निकाली निघालेले दिसू शकतात, अहवाल खोटाही नसतो, आणि त्याच वेळी बाहेर पायरीवर पन्नास माणसं बसलेली असू शकतात. शिवाय दंड कुणाला, तर दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याला. ज्याच्या हातात सर्व्हर नाही, ज्याने सॉफ्टवेअर निवडलं नाही, ज्याला ते दुरुस्त करता येत नाही, त्याला.

जून महिन्यात कुठल्याही सेतूत जाऊन बघा. बारावीचा निकाल लागलेला, ॲडमिशनच्या तारखा डोक्यावर, नॉन क्रिमिलेयर, उत्पन्न, डोमिसाईल सगळं एकाच आठवड्यात हवं. ऑपरेटर पोरगा स्क्रीनकडं बघत बसलेला, गोल गोल फिरतंय. मग तो टेबलाच्या खणातून एक शंभर पानी वही काढतो आणि त्यात नाव, मोबाईल नंबर, कुठला दाखला हे लिहून घेतो आणि म्हणतो, ‘मावशी, उद्या सकाळी लवकर या, साईट तवा पळतीय.’ ती वही म्हणजे त्या दिवशी सिस्टिम पडली होती याचा सगळ्या महाराष्ट्र शासनात असलेला एकमेव पुरावा. वही भरली की रद्दीत जाते. त्या मावशींच्या पोराची ॲडमिशन हुकली तर ‘विहित मुदतीत प्रमाणपत्र सादर केले नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढं येतो. त्याच्या बाजूने बोलायला त्या वहीशिवाय काही नाही, आणि वही कोण मानणार?

ऑनलाइनच्या बाजूने जे बोललं जातं त्यातला मोठा भाग खरा आहे आणि तो मान्य न करता पुढं जाणं लबाडी होईल. डिजिटल सहीचा सातबारा आज 15 रुपयांत घरबसल्या निघतो आणि तो सगळीकडं चालतो. याआधी काय हाल होते ते खेड्यातल्या कुणालाही विचारा, तलाठी अण्णासाहेब चावडीवर नाहीत, मोजणीला गेलेत, दप्तर तालुक्याला आहे, आणि ‘चहापाणी’ वेगळं. नोंद कुणी कधी बदलली हे गावाला कळायचंही नाही. त्या दिवसांकडं परत जायची इच्छा मला अजिबात नाही, आणि जी माणसं त्या दिवसांची आठवण काढून हळहळतात त्यांचं बहुतेक तलाठ्याशी चांगलं जमत असावं. पण या यशाचाच दुसरा अर्थ असा, की आता पोर्टल हेच कार्यालय झालंय. आधी ते सोयीसाठी होतं, खिडकी उघडीच होती. आता बऱ्याच कामांना खिडकी उरली नाही. तहसील कार्यालयाला कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता कुलूप असलं तर दुपारपर्यंत पेपरवाले पोचतात, आमदाराचा फोन जातो, संध्याकाळी कुणाला तरी नोटीस निघते. पोर्टलला त्याच वेळी तसंच कुलूप लागलं तर काय होतं? काहीच होत नाही, आणि संध्याकाळी ते उघडलं की सकाळी बंद होतं हे सिद्धसुद्धा करता येत नाही.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचं उदाहरण घ्या, घरोघरी माहीत असलेलं आहे. योजना चांगली की वाईट हा वाद इथं बाजूला ठेवतो. 2025 च्या सप्टेंबरात सरकारने सांगितलं की दोन महिन्यांत ई-केवायसी करा. त्यात बाईचा स्वतःचा आधार आणि ओटीपी तर हवाच, वर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार आणि ओटीपी हवा. आता मला सांगा, जिचा नवराही वारलाय आणि वडीलही वारलेत तिने कुणाचा ओटीपी टाकायचा? घटस्फोट झालेल्या बाईने आधीच्या नवऱ्याच्या दारात जाऊन ओटीपी मागायचा का? ज्या योजनेच्या नियमातच विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता बायका पात्र म्हणून लिहिल्यात, त्याच योजनेच्या फॉर्ममध्ये त्यांना जागा नव्हती. बोंब झाली, मग 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबर केली आणि अशा बायकांनी मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडं द्यावेत असं ठरलं. मुदत वाढवली हे चांगलंच झालं. पण ज्या माणसाने तो फॉर्म आखला आणि ज्याने त्यावर मंजुरीची सही केली त्यांची नावं महाराष्ट्रात कुणाला माहीत आहेत? त्यांना कुणी विचारलं का की बाबा, चालू करायच्या आधी एखाद्या विधवा बाईला समोर बसवून हा फॉर्म भरून बघितला होता का? एका दुपारचं काम होतं ते. ते झालं नाही म्हणून कितीतरी बायकांनी नेट कॅफेत पैसे घालवले, रोजगार बुडवला, आणि चूक दुरुस्त झाली तीही ‘मुदतवाढ’ या नावाने, जणू उशीर त्या बायकांनीच केला होता.

अशीच गोष्ट थम्बची. रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवायचा. गुऱ्हाळावर काहिलीच्या धगीत आयुष्य गेलेला माणूस, शिरोलीच्या फौंड्रीत वाळू आणि तापलेल्या लोखंडाबरोबर काम करणारा, ऊसतोडीला जाणारी बाई, रोज धारा काढणारी म्हातारी, यांच्या बोटांवर रेषा उरतात कुठं? आपल्या जिल्ह्याची सगळी भरभराट ज्या हातांवर उभी आहे नेमके तेच हात मशीन ओळखत नाही. दुकानदार फडक्याने काच पुसतो, तेल लावा म्हणतो, दुसरं बोट लावा म्हणतो, मग ‘पुढच्या आठवड्यात या’. झारखंडमध्ये 2017 साली आधार जोडलेला नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झालेल्या एका घरातली अकरा वर्षांची मुलगी उपासमारीने गेली असं तिच्या आईने सांगितलं, सरकारने ते नाकारलं, देशभर गदारोळ झाला आणि त्यानंतर केंद्राने राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नका, अशांना धान्य द्या आणि वेगळी नोंद ठेवा. म्हणजे उपाय कागदावर आहे, आणि त्या उपायाचा गाभा पुन्हा नोंद हाच आहे. तुमच्या दुकानात असं वेगळं रजिस्टर तुम्ही कधी बघितलंय का? बघायला मागा एकदा.

आता समोरच्या बाजूचा खरा जड मुद्दा. बोगस लाभार्थी असतात. मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललं गेलंय, बंगलेवाल्यांनी पिवळी कार्डं काढलीत, हे नाकारून चालणार नाही आणि तो पैसा गरिबाच्याच ताटातला असतो. तपासणी हवीच. पण तपासणी करणारं यंत्र चुकलं तर काय, याचं उत्तर आधी तयार नसेल तर तपासणी माणसं चिरडते, आणि हे फक्त गरीब देशांत होतं असंही नाही. ब्रिटनच्या पोस्टात 1999 पासून फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशोबाची सिस्टिम बसवली. छोट्या छोट्या पोस्ट शाखा चालवणाऱ्या माणसांच्या हिशोबात तूट दिसायला लागली, खरी तूट नव्हती, सॉफ्टवेअरचा दोष होता. पण पोस्टाने कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला आणि माणसांवर चोरीचे खटले भरले. 900 पेक्षा जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार विकून न झालेली तूट भरली, काहींनी जीव दिला. यातली मला सगळ्यात भयंकर वाटलेली गोष्ट म्हणजे मदतीसाठी फोन करणाऱ्या अनेकांना सांगितलं गेलं की असा प्रॉब्लेम फक्त तुमच्याकडंच येतोय. प्रत्येकाला वाटत राहिलं, आपलंच काहीतरी चुकतंय. 2019 मध्ये कोर्टाने सिस्टिममध्ये दोष होते असा निकाल दिला आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. वीस-पंचवीस वर्षं गेली. सिस्टिमच्या बिघाडाची यादी पहिल्या वर्षापासून सगळ्यांना बघता आली असती तर हे इतकं चाललं असतं का? पायरीवर बसलेल्या मावशींनाही हेच वाटतं, की आपलाच फोन साधा आहे, आपल्यालाच जमत नाही. शेजारच्या तालुक्यातही त्याच वेळी तीच साईट पडली होती हे त्यांना कळायला काही मार्गच नाही.

नेदरलँडमध्ये मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधायच्या नादात हजारो निरपराध आईबापांना कर्जात ढकललं, तिथलं सरकार त्यापायी 2021 च्या जानेवारीत राजीनामा देऊन गेलं. ऑस्ट्रेलियात वर्षभराच्या कमाईची पंधरवड्यांत सरासरी काढून गरिबांना खोट्या वसुलीच्या नोटिसा धाडल्या, त्याची चौकशी रॉयल कमिशनने केली आणि 2023 मध्ये अहवाल आला. या देशांत चूक झाली तशी आपल्याकडंही होणार, त्यात काही नवल नाही. फरक एवढाच की तिथं शेवटी कागद बाहेर आले, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले गेले.

अधिकारी मंडळी म्हणतात, अशी प्रत्येक बिघाडाला मान पकडायला लागलात तर कुणी नवीन काही करणारच नाही, जुन्या फायली पुढं ढकलत बसतील. यात तथ्य आहे. आपल्याकडची ऑडिटची भीती मला माहीत आहे, आणि चांगला अधिकारी घाबरून गप्प बसला तर नुकसान आपलंच. म्हणून तर मी शिक्षेच्या आधी नोंद मागतोय. पडलेली सिस्टिम लपवली नाही, वेळेत सांगितलं, अर्जदाराचं नुकसान होऊ दिलं नाही, तर अधिकाऱ्याला शिक्षा कशाची? उलट वरच्यांकडं पैसे आणि माणसं मागायला त्याच्या हातात आकडे येतील. आणि मनात आणलं तर सरकारला जाब विचारता येतो, हे आपण बघितलंय. 7 जून 2021 ला इन्कम टॅक्सचं नवीन पोर्टल सुरू झालं आणि अडखळायला लागलं. सीए लोकांनी, व्यापाऱ्यांनी आवाज उठवला, ऑगस्टमध्ये अर्थमंत्रालयाने ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओला बोलावून घेतलं, आणि त्या वर्षी रिटर्न भरायची तारीख 31 डिसेंबरपर्यंत गेली. बरोबर केलं. पण मग कर भरणाऱ्याची साईट पडली की कंपनीचा मुख्य माणूस दिल्लीला, आणि रेशन घेणाऱ्याची पडली की ‘पुढच्या आठवड्यात या’, हा भेद कुठल्या न्यायात बसतो?

दुसरी अडचण सांगतात ती गोपनीयतेची, कंपनीबरोबरचा करार उघड करता येत नाही. सुरक्षेचा भाग झाकून ठेवा, कुणी मागत नाही. पण किती वेळ सिस्टिम चालू ठेवायचं कबूल केलंय, बंद पडली तर कंपनीचे किती पैसे कापायचे, खरंच कापले का, यात कसलं आलंय गुपित? माहिती अधिकार कायद्यात व्यापारी गुपिताला सवलत आहे, पण त्याच कलमात असंही आहे की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची. आणि करार बंद कपाटात राहिला की काय होतं हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. टोलचं आठवा. बीओटीवर, म्हणजे ठेकेदाराने पैसे घालायचे आणि टोलमधून वसूल करायचे या बोलीवर, रस्ते झाले, करार झाला तेव्हा आपण झोपेत होतो, नाके उभे राहिले तेव्हा जाग आली, मग एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर उतरायला लागलं, कामाचं फेरमूल्यांकन करा म्हणून भांडायला लागलं, आणि 2015 च्या अखेरीला टोल गेला तेव्हा त्याचा भार पुन्हा सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्यावरच. करारातली कलमं सही व्हायच्या आधी बिंदू चौकात वाचून दाखवली असती तर एवढी वर्षं गेली असती का? रस्ता निदान डोळ्यांना दिसतो, खड्डा बोटाने दाखवता येतो. सॉफ्टवेअरमधला खड्डा दिसत नाही, म्हणून तिथं करार उघड असायची गरज जास्त आहे. त्यात 2020 च्या नोव्हेंबरात महापालिकेची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, म्हणजे पडलेल्या साईटबद्दल गल्लीतल्या माणसाने कुणाच्या दारात जायचं हाही प्रश्न होता.

काही जण म्हणतात एवढं मोजमाप शक्य नाही. असं कसं? पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाठ असतात, इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ही पातळी पाणी येण्याच्या आधीच ठरलेली आहे, कुठल्याही अधिकाऱ्याला त्या दिवशी बसून ठरवायची नसते. काही तासांनी नवा आकडा येतो, सगळा जिल्हा तो वाचतो, आणि 43 ओलांडल्यावर परिस्थिती सामान्य आहे असं म्हणायची कुणाची टाप नसते. निसर्गाच्या पुराचं आपण हे करू शकतो, तर स्वतः विकत घेतलेल्या सर्व्हरचं का नाही?

आणि या मातीत ही गोष्ट नवी नाही. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा हुकूम आपण दरवर्षी आठवतो, संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. पण हुकूम तेवढाच नव्हता. मागासलेले वर्ग म्हणजे कोण हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि शेवटी असंही होतं की सगळ्या खातेप्रमुखांनी यापुढं केलेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक पाठवायचं. करवीरच्या गॅझेटमध्ये तो छापला गेला, कुणालाही वाचता यावा असा. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते, तरी त्यांना ठाऊक होतं की नुसत्या चांगल्या हेतूवर खातं हलत नाही, दर तीन महिन्यांनी हिशोब मागायला लागतो. आज सरकारचा नियम कोडमध्ये लिहिला जातो, विधवेला फॉर्ममध्ये जागा नाही हा प्रत्यक्षात एक सरकारी हुकूमच होता, पण तो कुठल्या गॅझेटात छापला नव्हता आणि त्याचं पत्रक कुणी मागितलं नव्हतं.

तेव्हा मागायचं ते नेमकं मागूया. पोर्टलवर अर्ज भरायला घेतला त्या क्षणी, पुढं तो अडकला तरी, टोकन नंबर निघाला पाहिजे आणि लोकसेवा हक्काची मुदत त्या टोकनपासून धरली पाहिजे. साईट पडली तर शेवटची तारीख तेवढ्या दिवसांनी आपोआप पुढं जावी, त्यासाठी कुणाच्या मेहरबानीचं परिपत्रक लागू नये. प्रत्येक सिस्टिमच्या पहिल्या पानावर तिच्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा असावा, हेल्पलाइनचा नंबर म्हणजे नाव नव्हे. आणि कुठली सेवा किती तास बंद होती, कशामुळं, कंपनीचे किती पैसे कापले, हे दर तीन महिन्यांनी छापून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बोर्डावर लागावं. यातल्या टोकनला आणि तारखेला मुंबईचा निर्णय लागेल. पण बोर्ड लावायला, रेशन दुकानातलं रजिस्टर तपासायला आणि सेतूतल्या त्या वहीला अधिकृत रजिस्टरचा दर्जा द्यायला कोल्हापूरचे अधिकारी पुरेसे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं वैयक्तिक तक्रार लेखी घेतात आणि तिची पोच देतात. ज्याचा ज्याचा अर्ज साईटमुळं अडकलाय त्याने तारीख, वेळ आणि स्क्रीनचा फोटो जोडून आपली तक्रार तिथं द्यावी, एकेकट्याने पण एकाच सोमवारी.